पोकेमॉन : आवडते पर्व आणि बालपणाची स्मृती
(सातारा-सांगलीच्या विशेष संदर्भात)

पोकेमॉन या जपानी खेळमालिकेचे सर्वोत्तम पर्व कोणते, हा प्रश्न वरकरणी अभिरुचीचा वाटतो. वस्तुतः तो स्मृतीचा आहे. १९९६ च्या पहिल्या खेळात १५१ प्राणी होते, तथापि त्यांतील मानसशक्ती-प्रकारचे प्राणी अवाजवी प्रबळ ठरत. १९९९ च्या खेळाने प्राण्यांची संख्या २५१ वर नेली आणि दोन नवे प्रकार आणून हा असमतोल बव्हंशी सावरला. तरीही पुष्कळांना पहिलेच पर्व प्रिय वाटते. निर्माते सातोशी ताजिरी यांना ही कल्पना स्वतःच्या बालपणीच्या कीटकसंग्रहावरून सुचली. अर्थात, हा खेळ मुळातच हरवलेल्या बालपणाची पुनर्रचना होय.

सातारा व सांगली जिल्ह्यांत मात्र 'गेम बॉय' हे यंत्र विरळाच होते. २००३ पासून कार्टून नेटवर्कवरील हिंदी मालिकेतूनच पिकाचू येथील घरांत पोहोचला. त्यामुळे येथे 'पर्व' म्हणजे खेळाची आवृत्ती नव्हे, तर ठरलेल्या वेळी भावंडांसह पाहिलेली मालिका होय. खेळातील दोष या प्रेक्षकाला जाणवलेच नाहीत, कारण तो खेळ त्याने खेळलाच नव्हता. डिसेंबर २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा हा प्रेक्षक प्रौढ झाला होता.

सारांश, येथील स्मरणरंजन हे न खेळलेल्या खेळाविषयीचे आहे. त्यास गुणवत्तेचा निकष मानता येणार नाही. परंतु एका पिढीच्या सहवासाचा पुरावा म्हणून समीक्षेने त्याची दखल घेणे आवश्यक ठरते.