कॉन्ट्रास्ट रेशो, कॅमेरा आणि खोक्यावरचा आकडा

पद्धत तुम्हीही ऐकली असेल. मॉनिटरवर आधी पूर्ण पांढरा पडदा आणायचा, मग पूर्ण काळा. एकाच सेटिंगवर दोन्हींचे फोटो काढायचे, पिक्सेलच्या आकड्यांचा भागाकार केला की झाला कॉन्ट्रास्ट रेशो. ल्युमिनन्स मीटर महाग असतं, कॅमेरा कुणाकडेही असतो, म्हणून ही युक्ती लोकप्रिय आहे. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

माझे आकडे बघा. जेपीजी फोटोत पांढरा 250, काळा 10. भागाकार 25. साध्या आयपीएस मॉनिटरचा रेशो हजाराच्या आसपास असतो, त्यामुळे काहीतरी चुकलंय हे लगेच कळलं. जेपीजीतला आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो, त्याला गॅमा लावलेला असतो. म्हणून 25 चा 2.2 वा घात काढला: साधारण 1190. खोक्यावर 1000 छापलेलं होतं. मी खूश!

सरांनी एवढंच विचारलं, "एसआरजीबीचं पूर्ण सूत्र लावलंस का?" नव्हतं लावलं. त्या सूत्रात 10 इतक्या खालच्या आकड्याला घात लागतच नाही, तिथे सरळ रेषा आहे. फोटो तेच, उत्तर 315. शिवाय 2.2 चाच हट्ट धरला, तरी काळा 10 ऐवजी 9 आला असता तर उत्तर 1500, आणि 11 आला असता तर 965. कॅमेरा स्वतःचा टोन कर्व्ह लावतो, ते आणखी वेगळंच. मी 1190 वर थांबलो, कारण ते खोक्याशी जुळलं. याला मोजमाप म्हणायचं का, तुम्हीच सांगा.

कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. रॉ फाइलमधले आकडे बऱ्यापैकी प्रकाशाच्या प्रमाणात असतात. पण त्यांची सुरुवात शून्यापासून होत नाही. म्हणून लेन्सला झाकण लावून, तेवढ्याच शटर वेळेचा फोटो काढून तो आकडा वजा करावाच लागतो. काळ्या पडद्याचा आकडा इतका लहान असतो की हे विसरलात तर उत्तर कुठच्या कुठे जातं.

पांढरा आणि काळा एकाच एक्सपोजरमध्ये नीट मावत नाहीत. तेव्हा आयएसओ आणि अ‍ॅपर्चर तसंच ठेवून फक्त शटर बदला. पांढऱ्याला 1/30 सेकंद, काळ्याला 30 सेकंद असं काही. पांढऱ्यासाठी 1/1000 वर जाऊ नका, कारण काही मॉनिटरचा बॅकलाइट लुकलुकत असतो आणि तुम्ही त्या चक्राचा एक तुकडाच पकडाल. अजून एक गंमत: बऱ्याच कॅमेऱ्यांत 30 सेकंद म्हणजे प्रत्यक्षात 32, आणि 1/30 म्हणजे 1/32. तुम्ही 900 ने गुणाल, खरं गुणोत्तर 1024. म्हणजे सुरुवातीलाच बारा टक्के कमी.

खोलीतला उजेड तर सगळ्यात दुर्लक्षित. समजा पांढरा 200 निट, काळा 0.2 निट, म्हणजे रेशो 1000. पडद्यावर 100 लक्स उजेड पडतोय आणि त्यातला 2 टक्के चहूकडे विखरून परत येतोय. दोन्हींत साधारण 0.64 निटची भर पडते आणि रेशो उरतो 240. रिपोर्टमध्ये "अंधाऱ्या खोलीत मोजलं" असं वाचलं की मी विचारते, किती अंधार? कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन तरी बंद केला होता का?

पांढरे-काळे चौकोन शेजारी शेजारी ठेवून मोजणार असाल तर लेन्सचाही हिशोब द्यावा लागेल. पांढऱ्याचा प्रकाश लेन्समध्ये विखुरतो आणि काळ्यावर सांडतो. तपासायला सोपं आहे: पांढऱ्या पडद्यावर जाड काळ्या कागदाचा तुकडा चिकटवा आणि त्या जागेचा आकडा बघा. तिथे पडद्याचा प्रकाश पोचतच नाही, म्हणजे जे दिसेल ते लेन्सचं आणि खोलीचं. ओलेड पडद्यावर तर काळा जवळजवळ शून्यच, तिथे भागाकार न लिहिता "किमान इतका" असंच लिहा.

मी सगळं पुन्हा मोजलं. उत्तर 870 आलं, खोक्याशी जुळलं नाही. रिपोर्टमध्ये तेच लिहिलं, सोबत झाकणाच्या फोटोचा आकडाही दिला.