अर्ध्या हळकुंडाने पिवळे

अमेरिकेतले हळदीचे पेटंट आपण हाणून पाडले, ही गोष्ट मराठी वाचकाला आता तोंडपाठ आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेपासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत ती एकाच साच्यात येते. परक्यांनी आजीबाईच्या बटव्यावर डल्ला मारला, डॉ. रघुनाथ माशेलकर उभे ठाकले आणि हळदीघाटीची नवी लढाई भारताने जिंकली. गोष्ट खरी आहे. माझी हरकत आहे ती तिच्या शेवटाला. मी हे पुसेगावात बसून लिहितो आहे. हिंगोली जिल्ह्यात हळद हा भाषणाचा विषय नसतो. ती नऊ महिने रानात असते, मग काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश, आणि शेवटी बाजार समितीतला भाव. एवढ्या गाजलेल्या विजयाचा हिशेब या रानापर्यंत किती पोचला, हे तपासण्याचा हक्क कोणाला असेलच, तर तो या मुलखाला आहे.

आधी मूळ कागद पाहू. पेटंट क्रमांक ५४०१५०४. २८ मार्च १९९५ रोजी ते मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. संशोधक दोघे, सुमन दास आणि हरिहर कोहली. नावांवरून कळतेच की हळद त्यांनी अमेरिकेत पहिल्यांदा पाहिली नसावी. मजकूर एखाद्या साहित्यकृतीसारखा बारकाईने वाचावा असा आहे. दावे सहा. पहिला असा की रुग्णाला हळदीची पूड पुरेशा प्रमाणात देऊन जखम भरून आणण्याची पद्धत आमची. पुढचे पाच म्हणजे त्याच दाव्याला फुटलेले फाटे. पोटात घेतली तरी आमची, वरून लावली तरी आमची, दोन्ही केले तरी आमचीच. जखम शस्त्रक्रियेची असली तरी आमची, अंगावरचा व्रण असला तरी आमची. हळदीला जखमेपर्यंत जायला जेवढ्या वाटा आहेत, तेवढ्या सगळ्यांवर नाके बसवलेले.

खरी गंमत पुढे आहे. भारतात मुरगळणे आणि सूज यांवर हळद परंपरेने वापरतात, हे अर्जदारांनी त्याच मजकुरात स्वतः लिहिले आहे. म्हणजे शेजाऱ्याच्या आंब्याचा सातबारा आपल्या नावे करून मागायचा आणि अर्जातच लिहायचे की आंबा शेजाऱ्याच्या आजोबांनी लावला. तरीही शिक्का उमटला. का उमटला, हा या प्रकरणाचा गाभा आहे आणि नेमका तोच भाषणांतून गळतो.

तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात 'हे आधीच ठाऊक होते' असे म्हणण्यासाठी दोन मापे होती. ती गोष्ट अमेरिकेत कोणाला ठाऊक असली किंवा कोणी वापरत असले, तर तेवढे पुरे. अमेरिकेबाहेर मात्र वापराला किंमत नव्हती. तिथे छापील मजकूर हवा, नाहीतर आधीचे पेटंट. कोट्यवधी घरांत पिढ्यान् पिढ्या कापल्या-खरचटल्यावर हळद दाबली जात असली, तरी त्या कायद्याच्या लेखी ते घडलेलेच नव्हते. म्हणून संशोधकांना चोर म्हणणे मला सोयीचे पण अपुरे वाटते. कायदाच एका कानाने बहिरा होता आणि त्यांनी त्या कानाशी बोलून घेतले.

माशेलकरांची वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९९६ च्या ऑक्टोबरात फेरतपासणीसाठी गेली. हाती ३२ संदर्भ होते. त्यांत संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने मजकूर होते आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातला १९५३ चा एक निबंधही. प्रतिपक्षाने केलेला एक बचाव संग्रही ठेवावा असा आहे. जुन्या ग्रंथांत हळदीचा लेप आहे, आमची पूड आहे, आणि पूड लेपासारखीच गुणकारी ठरेल हे जाणकारालाही खात्रीने सांगता आले नसते, असा तो युक्तिवाद. पुडीत चमचाभर पाणी घातले की लेप होतो, हा शोध आपल्याकडे कोणी नोंदवून ठेवलेला नसावा, कारण तो शोध आहे असे कोणाला वाटलेच नव्हते. तपासनिसाने दोन्ही एकच मानले. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सहाही दावे फेटाळले गेले.

विजयाबद्दल शंका नाही. पण जिंकले कोण? ग्रंथ जिंकले. आजी साक्षीला नव्हतीच, आणि असती तरी त्या कायद्यात तिची जबानी कामाची नव्हती. 'पी हळद नि हो गोरी' या म्हणीने हळद पोटात घेण्याची वहिवाट सिद्ध होते, असे मी गमतीने म्हणू शकतो. कोर्टात मात्र म्हणही छापून आणावी लागली असती. आजीच्या बटव्याचा विजय म्हणून आपण जो साजरा करतो, तो खरे तर छापील पानाचा विजय आहे. अमेरिकेने आपला बहिरा कान उघडला तो पुढे. २०११ च्या सुधारणेने, १६ मार्च २०१३ पासूनच्या अर्जांना, जगात कुठेही लोकांत उपलब्ध असलेली गोष्ट जमेस धरली जाऊ लागली.

हळदीचा निकाल लागून महिना होत नाही तोच, २ सप्टेंबर १९९७ रोजी, टेक्ससच्या राइसटेक कंपनीला बासमतीच्या वाणांवर पेटंट मिळाले. आमच्या वसमतला बसमतही म्हणतात. एक काना आणि एक वेलांटी आड आली म्हणून तालुका वाचला. या धक्क्यांतून भारताने धडा घेतला तोही ग्रंथांचाच. २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत उतरवून परदेशी पेटंट कार्यालयांना पाहायला दिले. काम मोठे आहे, उपयोगीही आहे. पण ज्याची पोथी होती, त्याचीच नोंद झाली. बाळंतिणीला काय द्यावे, बैलाच्या खांद्याला काय लावावे, बेण्याचे गड्डे पावसाळ्यापर्यंत कसे राखावेत, हे ज्ञान कुठल्या श्लोकात नाही. ते माणसांत आहे, आणि माणसे जातात.

आपला कायदा इथे अमेरिकेच्या पुढे आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३(प) नुसार पारंपरिक ज्ञान हा शोधच नव्हे. आणि कलम २५ नुसार स्थानिक समूहाचे तोंडी ज्ञानही पेटंटाला विरोध करण्यासाठी पुरेसे आहे. कागदावर आजीला साक्षीचा अधिकार मिळाला आहे. अडचण इतकीच की समन्स तिच्यापर्यंत येत नाही. कुठल्या कार्यालयात कोणता अर्ज आला, हे तिला कळणार कसे?

मग आले भौगोलिक मानांकन. वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि आमच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये ते मिळाले. पेढे वाटण्याजोगी बातमी होती. पण हा हक्क नावाचा आहे, वाणाचा नाही. या पट्ट्यात सर्वांत जास्त लावली जाते ती सेलम जात, जिचे नावच तमिळनाडूतल्या सेलमवरून पडलेले. म्हणजे बेणे सेलमचे, माती हिंगोलीची आणि मानांकन वसमतचे. यात लबाडी नाही. पिके अशीच फिरतात आणि मातीने, हाताने वेगळी होतात. पण मग 'शुद्ध आमचे' ही भाषा जरा जपून वापरावी. शिवाय हळद या पट्ट्यात पिकवली म्हणून ते नाव पोत्यावर आपोआप लागत नाही. शेतकऱ्याला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती नसेल तर मानांकन भिंतीवरच्या फ्रेममध्ये राहते आणि हळद बिननावाच्या पोत्यात.

नोंद नसली तर घरातही काय होते, याला दादाजी खोब्रागडे साक्षी आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या या अल्पभूधारकाने शेतातल्या वेगळ्या लोंब्या निवडून भाताचा वाण तयार केला. मनगटी घड्याळावरून त्याला एचएमटी हे नाव पडले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्याच्याकडून बियाणे नेले आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी म्हणून वाण प्रसारित केला. आम्ही तो शुद्ध केला, हे विद्यापीठाचे म्हणणे. पण नावात विद्यापीठ आले, घड्याळाची कंपनीही आली, खोब्रागडे आले नाहीत. त्यांना पुरस्कार मिळाले. २०१८ मध्ये ते गेले तेव्हा गरिबी सोबतच होती. इथे मिसिसिपीला बोल लावता येत नाही.

याउलट छापील शब्दाचा दरारा पाहा. पेटंट कायद्यावरच्या माशेलकर समितीच्या अहवालात दुसऱ्या अभ्यासकाच्या निबंधातली वाक्ये उल्लेखाविना आल्याचे २००७ मध्ये उघड झाले आणि अहवाल मागे घ्यावा लागला. ते योग्यच झाले. लेखी वाक्याचा धनी सापडतो म्हणून न्यायही होतो. तोंडी ज्ञानाचा धनी गावभर असतो, म्हणून कोणीच नसतो.

उपाय कायद्यातच आहे, आणि तो दिल्लीत नाही, ग्रामपंचायतीत आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती सांगितली, आणि त्याखालच्या नियमांनी त्या समितीवर लोकजैवविविधता नोंदवहीचे काम सोपवले. वर्षानुवर्षे ते रेंगाळले. मग राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि चुकणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपयांची तंबी दिली. दंडाच्या धाकाने भरलेली वही कशी असते, हे ज्याने शाळा तपासणीच्या आदल्या रात्री हजेरीपट भरताना पाहिले आहेत, त्याला सांगायला नको.

लिहून ठेवले तर चोराला यादीच मिळेल, असा आक्षेप घेतात. तो पोकळ नाही. म्हणूनच काय उघडे ठेवायचे आणि काय राखून ठेवायचे, हे गावानेच ठरवले पाहिजे. पण न लिहिणे हे कुलूप नव्हे. न लिहिलेले ज्ञान चोरीला जाण्याआधी विसरले जाते, आणि विसरलेल्यावर दावा सांगायला पूर्वीचा मालकच उरत नाही.

१९९७ मध्ये आपल्याला अर्धे हळकुंड मिळाले. परक्याला नको तो हक्क मिळाला नाही, एवढे ते अर्धे. ज्याचे त्याला मिळाले का, हे दुसरे अर्धे अजून शिल्लक आहे. पहिल्यावर आपण जवळजवळ तीस वर्षे पिवळे होतो आहोत. दुसऱ्याची सुरुवात फार लहान आहे. ग्रामसभेत ती नोंदवही मागायची, तिच्यात आपल्या गावातल्या किती बायकांची नावे आहेत ते मोजायचे, आणि आकडा सभेच्या इतिवृत्तात लिहायला लावायचा. लेखीच लागतो ना पुरावा? मग तो आपणच लिहू.