खाणे, वाढणे आणि हसणे : नायजेरियन थट्टेच्या व्याकरणाविषयी

उत्तर-वासाहतिक समाजांतील हास्याचा विचार गेली काही दशके एका ठरावीक पेचात अडकलेला दिसतो. हसणारा माणूस सत्तेला विरोध करीत असतो की तिच्याशी जुळवून घेत असतो, हा तो पेच होय. बाख्तीनने राबलेच्या निमित्ताने लोकहास्याची जी मीमांसा केली, तिने पहिल्या पक्षाला बळ दिले. जेम्स स्कॉट यांच्या १९९० मधील ग्रंथाने दुर्बळांच्या पाठीमागच्या कुजबुजीलाही प्रतिकाराचा दर्जा मिळवून दिला. आशिल म्बेम्बे यांनी १९९२ मधील आपल्या निबंधात मात्र उलट बाजू मांडली. विशाल व बीभत्स देह, खादाडी, मैथुन, उत्सर्ग ही प्रतिमासृष्टी केवळ प्रजेची नसते, सत्ताधाऱ्यांचीही तीच असते. दोघे एकाच घरात राहत असल्याप्रमाणे एकाच चिन्हव्यवस्थेत वावरतात आणि या सलगीतून दोघांचेही सत्त्व हरपते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्बेम्बे यांचे बहुतेक दाखले कॅमेरूनचे आहेत. शेजारच्या नायजेरियात प्रेमप्रकरणे, वीज, पेट्रोल, निवडणुका यांवरून जी अखंड थट्टामस्करी चालते तिच्याकडे पाहिले, म्हणजे या पेचाची मांडणीच सदोष असावी असे वाटू लागते. दोन्ही पक्ष थट्टेतील प्रतिमांचा अर्थ लावतात. थट्टेतील क्रियापदे आणि बोलण्याच्या पाळ्या यांकडे मात्र त्यांचे पुरेसे लक्ष जात नाही.

क्रियापदापासून आरंभ करू. नायजेरियन पिजिनमध्ये ‘चॉप’ म्हणजे खाणे. नवऱ्याने घरखर्चासाठी, मुख्यतः चुलीसाठी, द्यावयाचे पैसे ते ‘चॉप मनी’. मजेत जगणे म्हणजे ‘चॉप लाइफ’. मंत्र्याने तिजोरीवर हात मारला की तोही ‘चॉप’ करतो. राबते माकड, खातो मात्र बबून, ही पिजिनमधील म्हण कचेरीतल्या साहेबापासून राष्ट्राध्यक्षापर्यंत कोणालाही लागू पडते. ज्याचा प्रेमभंग झाला त्याला ‘ब्रेकफास्ट’ वाढला गेला, म्हणजेच त्याने न्याहारी ‘चॉप’ केली, असे म्हणतात. बर्ना बॉय या गायकाच्या २०२२ मधील ‘लास्ट लास्ट’ या गाण्याने हा वाक्प्रयोग देशाबाहेरही पोहोचविला. पहिल्या उदाहरणांत खाणारा हा भोक्ता आहे. शेवटच्या उदाहरणात तो भोगणारा झाला आहे. मराठी वाचकाला ही द्व्यर्थता समजावून सांगण्याची गरज नाही. आपल्याकडेही अधिकारी पैसे खातो आणि सामान्य माणूस मार खातो, शिव्या खातो, आपटी खातो, क्रियापद एकच.

पिजिनच्या पाठीशी ज्या भाषा उभ्या आहेत त्यांच्यात हा अर्थविस्तार अधिकच खोल गेला आहे. योरुबात ‘जे’ म्हणजे खाणे. ‘जोबा’ म्हणजे राजा होणे, शब्दशः राजेपण खाणे. आणि ‘जीया’ म्हणजे सोसणे, शब्दशः दुःख खाणे. हौसामध्ये ‘चि’ म्हणजे खाणे. ‘चि झाबे’ म्हणजे निवडणूक जिंकणे, तर ‘चि अमाना’ म्हणजे विश्वासघात करणे. यातील ‘अमाना’ आणि आपली ‘अमानत’ यांचे अरबी मूळ एकच. म्हणजे या भाषांच्या दृष्टीने सत्ता ही मुळात खाण्याचीच वस्तू आहे आणि ती खाण्यात स्वभावतः पाप नाही. झां-फ्रांस्वा बायार यांनी १९८९ मधील आपल्या ग्रंथात ‘पोटाचे राजकारण’ ही कल्पना कॅमेरूनमधील बोलण्यातूनच उचलली होती, आणि ती निव्वळ भ्रष्टाचाराचे दुसरे नाव नव्हे हे त्यांनीही ओळखले होते. परंतु त्यांचे लक्ष खाणाऱ्यावर खिळलेले आहे. थट्टेचे लक्ष मात्र वाढण्यावर असते: कोणी कोणाला न वाढता खाल्ले, कोणाच्या ताटातले खाल्ले, आणि खाऊन तोंड कसे पुसले.

एक नमुना घेऊ. तरुण आपल्या मैत्रिणीला भेटीस येण्यासाठी गाडीभाडे पाठवितो. ती पैसे ठेवून घेते आणि येत नाही. तिने ‘ट्रान्सपोर्ट’ खाल्ला. या प्रसंगावर नायजेरियात इतके विनोद झाले आहेत की त्याला एखाद्या लोककथेतील कथाबीजाचे रूप आले आहे. दि. २९ मे २०२३ रोजी बोला तिनुबू यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्याच भाषणात पेट्रोलवरील अनुदान संपल्याचे सांगितले, आणि लिटरला २०० नायरांच्या आत असलेला भाव काही दिवसांत ५०० च्या आसपास गेला. आता तो तरुण मित्रांत म्हणतो, ‘पूर्वी मला ती एकटीच खायची, आता तिच्या आधी सरकार खाते.’ मित्र म्हणतो, ‘सरकार निदान शपथ घेऊन खाते. तुझीने तर येते म्हणूनही सांगितले नव्हते.’ हा संवाद प्रस्तुत लेखकाने रचलेला आहे. त्याचा एकही सांधा मात्र लेखकाच्या पदरचा नाही. समीक्षक सोयीसाठी प्रणय, दैनंदिन जीवन आणि राजकारण असे तीन कप्पे करतो. थट्टेला ते ठाऊक नाहीत, कारण गाडीभाडे या एकाच वस्तूत तिन्हींचा हिशेब येतो.

हे आजचे नव्हे. ओनित्शाच्या बाजारात १९५० आणि १९६० च्या दशकांत जी स्वस्त पुस्तिका-वाङ्मयाची पेठ भरभराटली होती, तिच्यात प्रेमपत्रांचे मासले, बायकांपासून सावध राहण्याचे सल्ले आणि लुमुंबाच्या अंतावरील नाटके एकाच फळीवर मांडलेली असत. ओगाली ए. ओगाली यांचे ‘व्हेरोनिका माय डॉटर’ (१९५६) हे त्यांतील गाजलेले नाटक. पुढे केन सारो-वीवा यांच्या ‘बासी अँड कंपनी’ या १९८५ ते १९९० या काळातील दूरदर्शन-मालिकेने भाडे थकविणाऱ्या, कोट्यधीश होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या लागोसकराला घरोघर नेले. (याच लेखकाला १९९५ मध्ये लष्करी राजवटीने फासावर दिले, त्यामुळे त्याच्या विनोदाला ‘हलकाफुलका’ म्हणताना थोडे थबकावे लागते.)

परंतु या विषयाचे खरे मर्म चिनुआ अचेबे यांच्या ‘अ मॅन ऑफ द पीपल’ या कादंबरीत सापडते. ती जानेवारी १९६६ मध्ये प्रकाशित झाली आणि त्याच महिन्यात नायजेरियात पहिला लष्करी उठाव झाला, या योगायोगाचीच चर्चा फार झाली आहे. तिची रचना कशी आहे ते पाहावे. निवेदक ओडिली हा तरुण शिक्षक मंत्री नांगाच्या घरी पाहुणा म्हणून जातो. नांगा त्याची मैत्रीण एल्सी हिरावून घेतो. ओडिली सूड म्हणून नांगाच्या नियोजित दुसऱ्या पत्नीच्या, एड्नाच्या, मागे लागतो आणि त्या ओघात नांगाविरुद्ध निवडणुकीला उभा राहतो. म्हणजे येथे राजकारणाची प्रेरणाच प्रणयातील अपमान ही आहे. उरुआ गावात प्रचाराची सभा भरते तेव्हा एक माजी पोलीस शिपाई साधारण असे म्हणतो की, ते खातात हे खरे, पण आम्हीही खातोच आहोत. पाणी आले, विजेचे वचन मिळाले. ओडिलीला ही वृत्ती निर्लज्ज वाटते, आणि बहुतेक समीक्षक ओडिलीच्याच बाकावर बसून कादंबरी वाचतात. माझ्या मते हे वाचन अपुरे आहे. अचेबेंनी आधीच जोसायाचा प्रसंग योजलेला आहे. अनाटा गावातील हा दुकानदार आंधळ्या भिकाऱ्याची काठी पळवितो, तेव्हा गाव त्याच्यावर बहिष्कार घालून त्याला देशोधडीला लावते. त्याने इतके नेले की धन्याला ते दिसून आले, असा त्या वेळच्या बोलण्याचा आशय आहे. गावाच्या लेखी चोरीला एक माप आहे, आणि ते माप ओलांडले गेले हे ओळखणारा ‘धनी’ आहे. राष्ट्राच्या पातळीवर असा धनी नाही, हे ओडिलीला शेवटी कळते. शिपायाचे बोलणे निर्लज्ज नाही. धनी नसलेल्या घरात आपला वाटा मोजून घेणाऱ्याचा तो हिशेब आहे. त्याच्या विधानात उपरोध किती आणि समाधान किती हे ओडिलीला ओळखता येत नाही. याचे कारण असे की, तो त्या बोलण्यातील दुसरा पक्ष होऊ शकत नाही. तो केवळ श्रोता आहे.

त्या शिपायाला कबूल झालेली वीज पुढे थट्टेचाच विषय झाली. राष्ट्रीय वीजमंडळाच्या ‘नेपा’ या आद्याक्षरांचा अर्थ लोकांनी ‘विजेची आशा कधीही धरू नका’ असा लावला. २००५ मध्ये मंडळाचे नाव बदलले, तेव्हा नव्या आद्याक्षरांतून ‘समस्येने नाव बदलले आहे’ असे वाचले गेले. २०१३ मध्ये वितरण खाजगी कंपन्यांकडे गेले. तरी वीज आली की मुले ‘अप नेपा!’ असेच ओरडत राहिली. घरगुती वापराच्या छोट्या जनित्राला मिळालेले नाव अधिक बोलके आहे: ‘शेजाऱ्यापेक्षा मी बरा’. येथे टोला सरकारला आहे की शेजाऱ्याला, हे सांगणे अवघड आहे.

आता बोलण्याच्या पाळीकडे वळू. इग्बो समाजात या टोलेबाजीला ‘न्जाकिरी’ म्हणतात. योरुबांच्या गेलेडे उत्सवात रात्रीच्या वेळी ‘एफे’ हा मुखवटाधारी गावातल्या दोषांवर बोट ठेवतो. उत्तरेत फुलानी आणि कानुरी यांच्यात परस्परांची यथेच्छ टर उडविण्याचे रूढ नाते आहे. अशा नात्यांविषयी रॅडक्लिफ-ब्राउन यांनी १९४० मध्ये लिहिले तेव्हा त्यांनी मुद्दा नेमका पकडला होता: येथे एका पक्षाला थट्टेची मुभा आणि दुसऱ्यावर न रागावण्याचे बंधन असते, आणि पुष्कळदा ही मुभा व हे बंधन उभयपक्षी असतात. लागोसच्या पिजिनमध्ये याच व्यवहाराला ‘याबिस’ म्हणतात. फेला कुटी आपल्या ‘श्राइन’ या नाट्यगृहवजा क्लबात गाण्यांच्या मध्ये थांबून श्रोत्यांची आणि राज्यकर्त्यांची ‘याबिस’ करीत. ‘याबिस’ला योग्य उत्तर एकच, उलट ‘याबिस’. रागावला तो हरला.

या कसोटीवर म्बेम्बे यांची मांडणी तपासता येते. शासक आणि शासित या दोघांच्या परस्पर सत्त्वहरणासाठी त्यांनी योजलेली संज्ञा ‘झॉम्बी’ या शब्दावरून आलेली आहे. हाच शब्द फेलांनी १९७६ मध्ये सैनिकांसाठी वापरला होता, आणि तेथे तो परस्पर मुळीच नव्हता. हुकमाशिवाय न हलणारा सैनिक झॉम्बी होता, हसणारे नव्हते. त्या थट्टेला उत्तर म्हणून १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सैनिकांनी फेलांच्या वसाहतीवर हल्ला करून ती जाळली. त्यांच्या वृद्ध आईला खिडकीतून फेकण्यात आले. पुढल्या वर्षी त्या वारल्या. सलगीच्या घरात असे घडत नाही असे नाही. पण येथे थट्टेचा करार एका बाजूने मोडला, ही घटना ‘दोघेही एकाच घरात’ या रूपकात मावत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्ध तरुण रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या तोंडी ‘सोरो सोके’, म्हणजे ‘मोठ्याने बोल’, हे शब्द होते. समोरच्याने आपली पाळी घ्यावी अशी ती मागणी होती. २० ऑक्टोबरच्या रात्री लेक्कीच्या टोलनाक्यावर सैनिकांनी गोळीबार केला.

म्हणून थट्टा निरपराध ठरते असे मात्र नाही. ‘ट्रान्सपोर्ट’ खाणाऱ्या मैत्रिणीच्या विनोदाकडे पुन्हा पाहावे. तीच क्रिया, तेच क्रियापद. पण एकीने दोन हजार नायरा खाल्ले आणि दुसऱ्याने रुग्णालयाचा निधी. जोसायाच्या गावाने जे माप राखले होते ते येथे हरवते, आणि हरवते ते नेहमी एकाच दिशेने: मंत्र्यावरचा राग मैत्रिणीवर निघतो, कारण ती हाताशी असते. ओनित्शाच्या पुस्तिकांत, फेलांच्या ‘लेडी’ (१९७२) या गाण्यात आणि आजच्या चेष्टेत स्त्री ही खाणारी म्हणून येते. रांधणारी व वाढणारी म्हणून तिची मोजदाद होत नाही. २०२० च्या आंदोलनात देणग्या गोळा करून त्यांचा जमाखर्च लोकांसमोर मांडण्याचे काम ‘फेमिनिस्ट कोअलिशन’ या स्त्रियांच्या गटाने केले, ही गोष्ट त्या विनोदांच्या शेजारी ठेवून वाचावी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. जमातींवरून चालणारी टोलेबाजी, उदाहरणार्थ मुलींना भुलविणाऱ्या योरुबा तरुणाला ‘योरुबा डीमन’ म्हणणे, ही समान पाळी असेतो करमणूक असते. मार्च २०२३ मध्ये लागोसच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीआधी वाहतूक-व्यवसायातील एका बड्या पुढाऱ्याने, आमच्या पक्षाला मत देणार नसाल तर घरीच बसा, अशा अर्थाची ताकीद इग्बो मतदारांना दिली. नंतर ती एका ओळखीच्या बाईंशी केलेली थट्टा होती असे सांगण्यात आले आणि पोलिसांनीही तो खुलासा पुढे केला. रॅडक्लिफ-ब्राउन यांच्या व्याख्येत ही थट्टा बसत नाही. तिला उलट टोला देण्याची सोय त्या मतदाराला नव्हती. प्रतिमांवर भर देणाऱ्या समीक्षेला मात्र ही थट्टा आणि ‘याबिस’ यांत फरक करता येणार नाही, कारण शब्द दोन्हीकडे सारखेच आहेत.

त्याच निवडणूक-वर्षाआधी, जून २०२२ मध्ये, आबेओकुटा येथे उमेदवारी मागताना तिनुबू योरुबात ‘एमी लोकान’ म्हणाले होते: आता पाळी माझी. ‘पाळी’ येथे अर्थातच खाण्याची, ‘जोबा’ या अर्थाने. पाहता पाहता ते शब्द सर्वांचे झाले. मटणाचा शेवटचा तुकडा उचलणारा धाकटा भाऊ, न्हाणीघरापुढच्या रांगेत पुढे घुसणारा भाडेकरू, मैत्रिणीचे लग्न झाल्यावर आरशात पाहणारी तरुणी, सगळे ‘एमी लोकान’ म्हणू लागले. याला प्रतिकार म्हणावे तर तिनुबू निवडून आले. सलगी म्हणावे तर न्हाणीच्या रांगेतल्या त्या माणसाला कोणी पुढे जाऊ देत नाही. मागचे लोक त्याला ओढून परत आपल्या जागी उभे करतात, आणि तोही हसतो.