बरणीची भोके आणि तलावाची पाळ

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांतील 'द्रवांचा दाब' या प्रकरणाला एक ठरीव रूप आलेले आहे. प्रथम पाण्याने भरलेली उंच बरणी व तिला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोके. मग धरणाच्या भिंतीचा छेद, विहिरीतील बादली, आणि शेवटी मुकुटाचे कोडे सुटले म्हणून नहाणीतून धावत निघालेला आर्किमिडीज. अभ्यासक्रम अनेकदा बदलले. ही चित्रे मात्र एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत राहिली. ती एकदा तपासून पाहण्याची गरज आहे, कारण त्यांतील पहिले बहुधा चुकीचे काढलेले असते आणि दुसरे अर्धवट असते.

बरणीपासून सुरुवात करू. चित्रात सर्वांत खालच्या भोकातून निघालेली धार सर्वांत दूर पडलेली दाखवतात व त्यावरून 'खोलीबरोबर दाब वाढतो' असा निष्कर्ष काढतात. निष्कर्ष बरोबर आहे, पण चित्र खोटे आहे. बरणी टेबलावर ठेवली असेल आणि धार त्याच टेबलावर पडत असेल, तर खालच्या धारेचा वेग सर्वांत जास्त असतो हे खरे. पण तिला खाली पडायला अंतरच फार थोडे मिळते, म्हणून ती दूर जाण्यापूर्वीच टेबलाला टेकते. पाण्याची एकूण उंची H आणि भोकाची पृष्ठभागापासूनची खोली h असेल, तर धार २√[h(H−h)] इतक्या अंतरावर पडते. टॉरिचेलीचा नियम आणि मुक्त पतनाचे सूत्र एकत्र केले की अकरावीचा विद्यार्थी हे चार ओळींत काढू शकतो. पाणी ३० सेंमी उंच असेल व भोके ७.५, १५ आणि २२.५ सेंमी खोलीवर असतील, तर अंतरे अनुक्रमे २६, ३० आणि २६ सेंमी येतात. म्हणजे मधली धार सर्वांत दूर जाते आणि वरची व खालची एकाच जागी पडतात! प्रत्यक्षात घर्षणामुळे आकडे थोडे कमी येतील, पण क्रम हाच राहील.

हा काही किरकोळ तपशील नव्हे. खिळा तापवून प्लास्टिकच्या बाटलीला भोके पाडणारा एखादा विद्यार्थी मधली धार पुढे गेलेली पाहतो. परीक्षेत त्याला पुस्तकातले चित्र काढावे लागते, कारण गुण त्यालाच मिळतात. डोळ्यांनी पाहिलेले बाजूला ठेवायचे आणि छापलेले खरे मानायचे, हा धडा तो विज्ञानाच्याच तासाला शिकतो. उपाय अगदी सोपा आहे. बरणी स्टुलावर ठेवावी. स्टूल निदान पाण्याच्या उंचीइतके उंच असावे आणि धारा खाली जमिनीवर पडू द्याव्यात. आता सर्वांत खालची धार खरोखरच सर्वांत दूर जाते. चित्रकाराने एक स्टूल काढले असते तर काम भागले असते.

आता धरण. 'खाली दाब जास्त असल्याने धरणाची भिंत पायथ्याशी रुंद असते' हे वाक्य आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. दगडी किंवा काँक्रीटच्या धरणाबाबत ते ठीक आहे, पण हे वाक्य वाचणारा विद्यार्थी कोणते धरण पाहत असतो? उदाहरणार्थ कोहमारा घ्या. नागपूर-रायपूर महामार्गावरचे हे गाव. येथून उत्तरेला गोंदियाकडे व दक्षिणेला नवेगावबांधकडे रस्ता जातो. भंडारा व गोंदिया हे तलावांचे जिल्हे. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या येथे मातीच्या पाळी घालून भाताकरिता पाणी अडवले. नवेगावबांधच्या तलावाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव जोडले जाते. मालगुजारी संपल्यावर हे तलाव 'माजी मालगुजारी', म्हणजेच लोकांच्या तोंडचे 'मामा तलाव', झाले. कोहमाऱ्याच्या मुलाने पाहिलेले धरण म्हणजे मातीची पाळ. तिच्याविषयी पुस्तक एक अक्षरही बोलत नाही.

आणि बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पहिला प्रश्न असा: नवेगावबांधचे पाणी कित्येक चौरस किलोमीटर पसरलेले, तर गावामागची बोडी जेमतेम एकरभराची. दोन्हींची पाण्याची खोली पाळीजवळ ४ मीटर असेल, तर कोणत्या पाळीवर जोर जास्त? बहुतेक मुले, आणि खरे सांगायचे तर बरेच शिक्षकही, मोठ्या तलावाचे नाव घेतील. उत्तर आहे : मीटरमागे दोन्हींवर सारखाच. मागे पाणी किती आहे याचा संबंध नाही, खोली किती एवढेच महत्त्वाचे. उभ्या भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर ४ मीटर खोल पाणी सुमारे ७८,४०० न्यूटन, म्हणजे ८ टन वजनाइतका जोर लावते, आणि तो तळापासून एक-तृतीयांश उंचीवर लागतो असे मानता येते. खोली दुप्पट केली तर जोर चौपट होतो, आणि भिंत उलथवणारा परिणाम आठपट. (मोठ्या तलावात वाऱ्याने लाटा मोठ्या उठतात, म्हणून तेथे पाळ अधिक उंच ठेवावी लागते व तिला आतून दगड लावावे लागतात, पण तो स्थिर पाण्याचा प्रश्न नव्हे.)

दुसरा प्रश्न अधिक मजेचा आहे. पाळ उतरती असते, आणि पाण्याचा दाब नेहमी पृष्ठभागाला लंब असतो. म्हणजे उतारावर तो नुसता आडवा ढकलत नाही, खालीही दाबतो. पाळीचा आतला उतार एका मीटर उंचीला दोन मीटर असा असेल, तर ४ मीटर खोल पाण्याचा आडवा जोर वरच्याप्रमाणेच ७८,४०० न्यूटन राहतो, पण खालच्या दिशेचा जोर १,५६,८०० न्यूटन, म्हणजे दुप्पट असतो. उतारावर उभ्या असलेल्या पाण्याचेच ते वजन. जे पाणी पाळीला ढकलते तेच तिला जागेवर दाबूनही धरते. मातीची पाळ रुंद असते ती मुख्यतः याकरिता की माती उभी राहू शकत नाही आणि आत झिरपणाऱ्या पाण्याची वाट लांबवावी लागते. पुस्तकातले कारण तिला लावणे म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याला देणे होय.

मातीची धरणे पाण्याच्या नुसत्या ढकलण्याने सहसा जात नाहीत. पाणी पाळीवरून वाहू लागले किंवा आतून माती वाहून जाऊ लागली की ती जातात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे फुटले. दोन्ही धरणे मातीची. झिरपणारे पाणी दगडी धरणालाही सोडत नाही. फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण २७ एप्रिल १८९५ रोजी कोसळले आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. भिंतीत व तिच्या पायात शिरलेले पाणी तिला वर उचलते, हे रचनाकारांनी हिशेबात धरले नव्हते. दगडी बांधकामाची घनता पाण्याच्या २.४ पट धरली, भिंत पाण्याइतकीच उंच असली आणि पायाखाली सर्वत्र पूर्ण दाब पोचला, तर भिंतीचे सुमारे ४२ टक्के वजन नाहीसे झाल्यासारखे होते. हेच तर आर्किमिडीजचे प्लावक बल! पण आपल्या पुस्तकांत धरण एका पानावर असते आणि प्लावक बल तीन पानांनंतर, लाकडाच्या ठोकळ्यापाशी. दोघांची गाठ कधी पडत नाही.

बादलीबद्दल थोडेच सांगतो. 'पाण्यात बादली हलकी लागते' एवढे म्हणून पुस्तक थांबते. लोखंडाची २ किलोची बादली १२ लिटर पाण्याने भरली तर हवेत १४ किलो भरते, आणि पाण्याखाली असताना दोराला जेमतेम पावणेदोन किलोचा भार जाणवतो. आतल्या पाण्याचा भार बाहेरचे पाणीच पेलते. फक्त लोखंड उरते आणि तेही आठव्या हिश्शाने हलके होते. हा आकडा दिला तर मुले दोर हातात घेऊन खात्री करतील.

मुकुटाची गोष्ट आपल्याला व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराकडून मिळाली, आर्किमिडीजनंतर दीड-दोनशे वर्षांनी. आर्किमिडीजच्या तरंगत्या वस्तूंवरील ग्रंथात ती नाही. सांडलेले पाणी मोजण्याची ती रीत फारशी उपयोगाचीही नाही. एक किलोच्या मुकुटात ३० टक्के चांदी मिसळली तर घनफळात सुमारे १३ घनसेंमी फरक पडतो. २० सेंमी व्यासाच्या भांड्यात पाण्याची पातळी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी बदलते. गॅलिलिओला १५८६ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ही कथा पटली नाही. त्याने पाण्यात बुडवून तोलण्याचा नाजूक तराजू सुचवला. गोष्ट जरूर सांगावी, मात्र गॅलिलिओची शंकाही सांगावी.

नवे प्रकरण लिहिण्याची वेळ आली तर सुरुवात कोठून करावी? माझे मत विचाराल तर तलावाच्या मोरीपासून. या भागात तिला तुडुम म्हणतात. समजा, मोरीत दोन आडव्या पायऱ्यांवर १५ सेंमी व्यासाची दोन भोके आहेत व त्यांना लाकडी बुचे बसवली आहेत, एक पाण्याखाली १ मीटरवर आणि दुसरे ३ मीटरवर. वरचे बूच उपटायला पाण्याच्या दाबामुळे सुमारे १८ किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो, खालच्याला ५३ किलोइतका. म्हणजे वरचे आधी उघडावे, पाणी उतरू द्यावे आणि मग खालच्याला हात घालावा. येथे बुचाखाली मोरी रिकामी, म्हणजे हवेने भरलेली, धरली आहे. तीच मोरी दुसऱ्या टोकाला बंद असून पाण्याने भरलेली असेल तर खालच्या बुचाला किती जोर लागेल, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे.