मराठीतील कुटुंबोपयोगी आरोग्यग्रंथ आणि त्यांचा गृहीत वाचक : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

आहार, बालसंगोपन व शरीरविज्ञान या विषयांवरील कुटुंबोपयोगी पुस्तकांची मराठीतील परंपरा शतकाहून जुनी आहे. ही पुस्तके घरोघरी वाचली गेली. मात्र साहित्यसमीक्षेने त्यांचा क्वचितच विचार केला. वास्तविक, प्रत्येक उपदेशपर ग्रंथ आपला वाचक गृहीत धरून लिहिला जातो. हा गृहीत वाचक कोण, या प्रश्नाच्या आधारे या वाङ्मयप्रकाराची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

परंपरेचे स्वरूप

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले व १९२३ साली त्याच विषयावर पुस्तक प्रसिद्ध केले. १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून त्यांनी शरीराविषयी निःसंकोच, बुद्धिनिष्ठ भाषा घडविली. स्त्रीचा आपल्या देहावरील अधिकार हे त्या लेखनाचे अधिष्ठान होते. तथापि त्याचा वाचक मुख्यतः शहरी व सुशिक्षित होता.

कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने (१९७०) वाटी-चमचा हे घरगुती प्रमाण स्वीकारून पाककृती सर्वसामान्य गृहिणीच्या आवाक्यात आणली. वाचकाच्या हाताशी असलेल्या साधनांतून ज्ञान मांडण्याचा हा वस्तुपाठच होय. परंतु तेथेही स्थिर स्वयंपाकघर आणि स्वयंपाकाला पुरेसा वेळ गृहीत आहे.

बीड जिल्ह्यातील वास्तव

बीड जिल्ह्यातील लक्षावधी ऊसतोड मजूर दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' गणला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी दोघांनाही राबावे लागते. कामावर खाडा झाल्यास पैसे कापले जातात. फडाजवळच्या कोपीत तीन दगडांच्या चुलीवर पहाटेच भाकरी भाजून घ्यावी लागते. अशा कुटुंबाला दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खाण्याचा किंवा गरोदरपणी दुपारी विश्रांती घेण्याचा सल्ला निरर्थक ठरतो. याउलट बाजरी, ज्वारी, तूर, कारळाची चटणी, अंबाडी-घोळासारख्या पालेभाज्या व बालाघाटातील सीताफळ या परिचित अन्नातून लोह आणि प्रथिने कशी मिळवावीत, हे सांगणारा ग्रंथ उपयुक्त ठरेल.

शरीराविषयीच्या अज्ञानाची किंमत याहून मोठी आहे. २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या आकडेवारीनुसार, जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ महिलांची गर्भाशये काढलेली होती. अंगावरून पांढरे जाणे किंवा पोटदुखी यांसारख्या तक्रारींवर कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया सुचविल्याचे अनेकींनी सांगितले. पांढरे जाणे म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेक जंतुसंसर्ग औषधाने बरे होतात, 'पिशवी' काढणे हा शेवटचा उपाय आहे आणि तिच्याबरोबर बीजकोषही काढल्यास अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, ही चार वाक्ये तिच्या बोलीत तिच्यापर्यंत पोचणे अत्यावश्यक होते.

गर्भसंस्कारविषयक ग्रंथांचा प्रश्न

२००० नंतर गर्भसंस्कारपर पुस्तकांना मोठा वाचकवर्ग लाभला. गर्भवतीचा आहार व मनःस्वास्थ्य यांकडे कुटुंबाचे लक्ष वेधणे, ही त्यांची जमेची बाजू. मात्र संततीच्या गुणदोषांचा सारा भार मातेच्या आचरणावर टाकण्याची प्रवृत्ती त्यांत आढळते. शिवाय 'पुंसवन' या प्राचीन संस्काराचा हेतूच पुत्रप्राप्ती हा होता. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यात सर्वांत कमी होते. अशा ठिकाणी या परंपरेचा उल्लेख चिकित्सेविना करणे ही लेखकाची तटस्थता मानता येणार नाही. अपत्याचे लिंग पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते आणि गर्भलिंगनिदान १९९४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, हे प्रत्येक पालकोपयोगी पुस्तकात स्पष्टपणे येणे आवश्यक आहे.

पर्यायी दिशा

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले. त्यांपैकी फारच थोड्यांची पूर्वी तपासणी झालेली होती. डॉ. राणी बंग यांच्या 'कानोसा'चे महत्त्व असे, की तेथे ग्रामीण स्त्रीच्या शरीरविषयक कल्पना आणि शब्द आधी ऐकून घेतले जातात. उपदेशाआधी श्रवण, ही पद्धत या वाङ्मयप्रकाराला नवी दिशा देणारी आहे.

निष्कर्ष

पुस्तकाने उचल फिटत नाही की खाडा माफ होत नाही, हे खरेच. परंतु शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा उमटविण्यापूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचे बळ ते देऊ शकते. यासाठी कुटुंबोपयोगी ग्रंथ बोलीशी नाते सांगणारा, आशाताईंनी किंवा शाळकरी मुलीने मोठ्याने वाचून दाखविता येईल असा आणि स्थलांतरित कुटुंबाची दिनचर्या ध्यानी घेणारा असावा. जिल्ह्यातील महाविद्यालयांत ऊसतोड कुटुंबांतील मुले-मुली शिकत आहेत. आई-आजीच्या तोंडचे आजार, अन्न आणि अवयव यांविषयीचे शब्द त्यांच्याकडून संकलित करून घेतल्यास अशा ग्रंथाचा पाया मराठी व गृहविज्ञान विभागांना संयुक्तपणे घालता येईल. 'रुचिरा'ने वाटी-चमच्याला जी प्रतिष्ठा दिली, तीच आता कोपीतल्या चुलीला आणि 'पिशवी' या शब्दाला मिळावयास हवी.