पंचम कोणाचा?

दुसऱ्याच्या खात्यात चूक सापडली की बँकेतल्या कारकुनाला जो आनंद होतो, त्याला ब्रह्मानंदसहोदर म्हणायला हरकत नाही. संगीतसमीक्षेतही मी तोच आनंद शोधत होतो.

झालं असं, की जुन्या रेडिओचा ट्रान्सफॉर्मर आणि दोन व्हॉल्व्ह जमवून मी हेडफोनसाठी घरीच अँप्लिफायर बनवला. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी आपली लाडकी मारव्याची तबकडी विश्वासानं ऐकायला दिली. दुसऱ्या दिवशी मी परीक्षण सुनावलं, "मास्तर, गायक ठीक. पण मारव्यात पंचम वर्ज्य, आणि इथं तर तो सारखा घुमतोय. तानपुराच चुकीचा लावलाय!"

मास्तरांनी तबकडी धोतराच्या सोग्यानं पुसली, बगलेत धरली. दारातून म्हणाले, "पह्यले तुह्या डब्ब्याचं घूं घूं बंद कर, मंग गाणाऱ्याले नावं ठेव."

रात्री मी आवाजाचं बटण शून्यावर आणलं. गाणं बंद, पंचम चालूच! आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. रेक्टिफायरमधून निघताना तिचा घूं 100 चा होतो. 100 म्हणजे पांढरी पाचच्या अंमळ वर. गायक पांढरी एकचा. म्हणजे वर्ज्य पंचम माझा होता!

आधी संशय कंडेन्सरवर. (यंत्र बंद केल्यावरही तो शेकडो व्होल्ट दाबून बसतो, थकबाकीदारासारखा. आधी वसुली, मग हात!) नवा बसवला, घूं तसाच. मग नजर अर्थिंगकडे गेली. मी पत्र्याच्या सांगाड्यावर, जिथं जागा दिसेल तिथं, चार ठिकाणी अर्थ जोडला होता. एका शाखेत चार कॅशियर आणि चौघांची शिल्लक निराळी! कंडेन्सर भरणारा प्रवाह गाण्याच्याच वाटेनं परतत होता. पुरवठ्याची अर्थ आधी थेट कंडेन्सरपाशी नेली, बाकीच्या सगळ्या एका जागी आणून तिथूनच सांगाड्याला जोडल्या. पंचम गेला. एवढी शांतता आमच्या बँकेत फक्त जेवणाच्या सुट्टीत असते.

याच रिद्धपुरात तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. ज्याच्यापाशी आठवण, त्याच्यापाशी जाऊन ऐकायचं, पडताळायचं, मग लिहायचं. त्याच गावात बसून मी आधी निकाल लिहिला होता आणि ऐकलं नंतर.

डबा घेऊन मास्तरांकडे गेलो. माफी मागताना शब्द अडखळले. हेडफोन त्यांच्या कानांना लावला. त्यांनी डोळे मिटले. मारवा संपेपर्यंत मी उभाच होतो. मग हेडफोन काढून ते म्हणाले,

"आता जमला तुहा डब्बा. सोता कायीच गात नाई."

माझ्या समीक्षेवर इतकी चांगली समीक्षा आजवर कुणी केलेली नाही.