'सिंहासन' आणि ग्रामसभेची सतरंजी

मराठी राजकीय कादंबरीचा विचार अरुण साधू यांच्या 'सिंहासन'ला वगळून करता येत नाही. आणीबाणी उठली त्याच वर्षी, १९७७ मध्ये, ती प्रसिद्ध झाली. पुढे १९७९ मध्ये जब्बार पटेल यांनी 'मुंबई दिनांक' व 'सिंहासन' या दोन्ही कादंबऱ्यांवरून चित्रपट काढला; पटकथा विजय तेंडुलकरांची होती. मुख्यमंत्री जिवाजीराव, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा आणि पत्रकार दिगू टिपणीस ही माणसे मग कादंबरी न वाचलेल्यांच्याही ओळखीची झाली.

सत्ताधारी म्हणजे एक तर महापुरुष, नाही तर खलपुरुष, या ठोकळेबाज कल्पनेतून साधूंनी राजकारण सोडवले, हे त्यांचे श्रेय. त्यांनी सत्तेचा देव्हारा उतरवला आणि तिचा रोजचा हिशेब मांडला. परंतु शीर्षकातच या कलाकृतीची मर्यादाही दडलेली आहे. येथे सत्ता म्हणजे एकच आसन. ते टिकते की जाते, एवढीच उत्कंठा. त्या आसनाखालच्या पायऱ्यांचे काय झाले, हा प्रश्न कथानकाच्या कक्षेत येत नाही.

भातसा धरणाच्या पायथ्याशी बसून वाचताना ही उणीव विशेष जाणवते. मुंबईच्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जाते. आणि त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. पाणी कोणाचे, हे मंत्रालयातील एका खुर्चीवर ठरू नये, म्हणून तर खालच्या पायऱ्या बांधल्या गेल्या. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेणे बंधनकारक केले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला जमीन, पाणी व वनोपज यांविषयी बोलण्याचा अधिकार दिला.

या पायऱ्यांचे पुढे काय झाले? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत तेथे प्रशासकच होता. राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांचीही गत अशीच झाली. आरक्षण व प्रभागरचनेचे वाद न्यायालयात अडकले होते. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला. तरीही ती मुदत उलटून गेली. तुर्कस्तानात २०१६ नंतर कुर्दबहुल शहरांतील निवडून आलेले अनेक महापौर हटवून सरकारने आपले विश्वस्त नेमले. तेथे हुकूम निघाला, येथे केवळ तारखा पडत गेल्या. हा फरक मोठा आहे आणि तो विसरता कामा नये. परंतु वर्षानुवर्षे नागरिकाला आपला प्रतिनिधी नसणे, हा परिणाम दोन्हीकडे सारखाच.

अशा ऱ्हासाला आवाज नसतो. १९७५ मध्ये लोकशाहीवर उघड घाला पडला, तेव्हा कराडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गा भागवत उघडपणे बोलल्या आणि त्यांना पुढे तुरुंगात जावे लागले. तेथे संकटाला चेहरा होता, म्हणून प्रतिकारालाही तो लाभला. रिकाम्या खुर्चीविरुद्ध मात्र कोणी, कोठे आणि कसे उभे राहायचे?

चित्रपटाच्या शेवटी दिगू वेड्यासारखा हसत सुटतो. कलादृष्ट्या तो शेवट प्रभावी आहे, यात शंका नाही. सारे पाहिलेल्या आणि काहीच बदलू न शकलेल्या माणसाचे ते हसणे आहे. मात्र गेल्या चार दशकांत आपल्या सुशिक्षित वर्गाने ते हसणेच आपली राजकीय भूमिका करून टाकली. 'सगळे सारखेच' असे म्हटले की निवडणूक झाली काय आणि लांबली काय, फरक पडत नाही. असा उपहास सत्तेला मुळीच जाचक नसतो. किंबहुना तो तिला सोयीचाच ठरतो.

साधूंनी आपल्या काळाचे काम चोख केले. त्यांच्याकडे आणखी मागणे अन्यायाचे होईल. मागणी आहे ती पुढच्या लेखकाकडे. शाळेच्या ओट्यावर सतरंजी अंथरली आहे, कोरम भरत नाही, ग्रामसेवक आधीच लिहून आणलेला ठराव वाचतो, आणि मागच्या रांगेतील एक कातकरी स्त्री विचारते, "आमच्या पाड्याचं पाणी यात कुठंय?" त्या प्रश्नाची नोंद इतिवृत्तात होते की नाही, यात 'सिंहासन'इतकेच नाट्य आहे. ते नाट्य ज्याला दिसेल, तो मराठी राजकीय कादंबरीला एक पायरी खाली आणील; आणि तेच तिचे पुढचे पाऊल ठरेल.